बादशहाचा खालचा जबडा

१

फोन वाजला तेव्हा चंद्रभागाबाई ओव्हाळ चहात पाव बुडवून बसल्या होत्या.

"काकू, अझीम बोलतोय. बादशहा गेला."

"गेला म्हणजे?"

"मेला, काकू. टाकीतून बाहेर उडी मारली वाटतं. मागे भिंतीशी पडलेला सापडला. अब्बा काही बोलतच नाहीयेत. तुम्ही याल का?"

बाई फोन ठेवून परत आल्या तोवर पाव कपाच्या तळाशी गेला होता. त्यांनी तो तसाच ओतून दिला, गुडघ्याला पट्टा बांधला आणि धायरी फाट्यावर बससाठी उभ्या राहिल्या.

धायरीहून नाना पेठेत जायला दोन बस. सिंहगड रस्ता नेहमीसारखा खणून ठेवलेला, आणि प्रत्येक खांबावर पाटी : जावा शिका, अमेरिकेला जा. ज्यांना नळाला पाणी येत नाही ते अमेरिकेला निघालेत, बाई मनात म्हणाल्या. साल दोन हजार दोन. पुण्यात जो तो काचेच्या इमारतीत बसायला निघाला होता. काचेच्या पेटीत बसून जन्म काढणं काय असतं ते आधी नासिरच्या दुकानात येऊन बघा म्हणावं.

'दर्या अॅक्वेरियम' हे अझीमच्या अब्बांचं, नासिरचं दुकान. ओळीने टाक्या, त्यांत बुडबुडे, दारात स्टूल. ते स्टूल बाईंचं. तात्याराव, म्हणजे बाईंचे यजमान, गेल्यापासून दर रविवारी त्या इथे येऊन बसायच्या आणि समोरच्या मोठ्या टाकीत बादशहाला बघायच्या. तात्यारावांनी वाढवलेला मासा. त्यांच्या मागे उरलेला, श्वास घेणारा, तेवढाच एक.

आज टाकी रिकामी होती. वर्तमानपत्रावर एक हातभर लांब मासा पडला होता. अंगावर काळपट पट्टे, पाठीवर छोट्या छोट्या निशाणांसारख्या परांची रांग. नासिर त्याच्याकडे पाठ करून बसला होता.

"वहिनी, कशाला आलात एवढ्या लांब? मी पुरणारच होतो आता."

"पुरण्याआधी बघू तर द्या."

बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. निवृत्तीला वर्षं झाली तरी भिंग सुटलं नव्हतं. सरकारी नोकरीत आयुष्यभर त्यांनी बोटांचे ठसे जुळवले होते. त्यांच्या साक्षीवर माणसं येरवड्याला गेली होती आणि त्यांच्या साक्षीवर सुटलीही होती. त्या खाली वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

मग सरळ झाल्या, भिंग पुसलं आणि म्हणाल्या, "नासिरभाई, हा बादशहा नाही."

२

"सुकला की मासा आखडतो, वहिनी," नासिर हळू आवाजात म्हणाला. "रंग पण उडतो."

"रंग उडतो. जबडा जागा बदलत नाही."

हे तात्यारावांनी शिकवलेलं. तात्याराव मार्केट यार्डात तोलणार. दिवसभर कांद्या-बटाट्याची पोती काट्यावर चढवायची आणि संध्याकाळी नासिरच्या दुकानात मासे बघत बसायचं, हा त्यांचा नेम. एके दिवशी इद्रिस नावाचा सुदानी विद्यार्थी दुधाच्या बरणीत बोटाएवढं पिल्लू घेऊन आला. मानेशी दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले बाहेर लटकत होते. परीक्षेत नापास होऊन तो परत निघाला होता आणि पिल्लाला काय करावं ते त्याला कळत नव्हतं. तात्यारावांनी ते ठेवून घेतलं. ते घरी वाढवलं आणि पुढे स्वतः आजारी पडल्यावर नासिरच्या हवाली केलं.

बाजारात सगळे त्याला 'पट्टेवाला बिचिर' म्हणायचे. तात्यारावांना ते चालायचं नाही. "अगं, पट्टेवाले सगळे सारखे दिसतात, पण नसतात," ते बायकोला सांगायचे. "सुदानकडचा एंडलिचेरी आणि काँगोचा डेल्हेझी. हा एंडलिचेरी. पट्टे बघ, घोड्यावर खोगीर टाकावं तसे पाठीवरून खाली आलेत. आणि जबडा बघ. याचा खालचा जबडा पुढे. कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखा. डेल्हेझीचा वरचा पुढे असतो. तुझ्या ठशांच्या भाषेत सांगायचं तर शंख आणि चक्र."

वर्तमानपत्रावरच्या माशाचा वरचा जबडा पुढे होता.

आणि बादशहाच्या डाव्या अंगावरचा तिसरा पट्टा मध्येच दुभंगून दोन वाटांनी खाली यायचा. उजवीकडे तसं नव्हतं. डाव्या आणि उजव्या अंगठ्याचे ठसे कुठे एकसारखे असतात? या माशाचा तिसरा पट्टा दोन्हीकडे अखंड होता. ठशांच्या कामात नियम कडक असतो : दहा रेषा जुळल्या आणि एक फरक समजावता आला नाही, की जुळणी मोडली. इथे तर रेषा सोडा, माणूसच दुसरा होता.

"डोळे बघा याचे. पांढरे पडलेत," बाई म्हणाल्या. "बर्फातून काढलेल्या मासळीसारखे. आणि रात्रभर फरशीवर तडफडला असता तर अंगाला केर, वाळू, काहीतरी चिकटलं असतं. हा तर आंघोळ करून मेलाय."

अझीम वाकून बघायला लागला. नासिर टाकीकडे बघत होता.

टाकीचं झाकण बाजूला उभं होतं. बिचिर फटीतून निसटतो, म्हणून त्या झाकणावर तात्यारावांचं पाच किलोचं लोखंडी माप कायम ठेवलेलं असायचं. मार्केट यार्डात वजनं बदलली तेव्हा रीतसर मागून आणलेलं. ते माप आता खाली होतं, घडी घातलेल्या गोणपाटावर. बाईंनी ते बघितलं आणि डोक्यात कुठेतरी ठेवून दिलं.

"कुलूप?"

"कुलूप जसंच्या तसं, काकू. मीच उघडलं सकाळी."

"म्हणजे कुणीतरी किल्लीने आत आलं, जिवंत बादशहा नेला आणि त्याच्या जागी परका मुडदा टाकला. कशाला?"

कशाला, ते दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. नासिरने तात्यारावांना शब्द दिला होता : बादशहा जिवंत असेपर्यंत दुकान बंद होणार नाही. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला ही जागा हवी होती. बयाणा घेऊन तो दोन वर्षं दारात घिरट्या घालत होता आणि नासिर दर वेळी टाकीकडे बोट दाखवायचा. मासा मेला की शब्द संपला.

"सही कधी करताय?" बाईंनी सरळ विचारलं.

नासिर मान वर न करता म्हणाला, "शुक्रवारी."

३

बाईंना फिरवून बोलता यायचं नाही. त्यांनी अझीमला तिथेच धरलं.

"सायबर कॅफे कुणाला काढायचा होता?"

"मला," अझीम म्हणाला. "लपवलं कधी?"

"मागच्या दिवाळीत 'हा मासा मरत पण नाही' असं कोण म्हणालं?"

"काकू, ते चेष्टेत…"

"दुकानाची दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

अझीमचा चेहरा उतरला. पंचविशीतलं पोर, पण डोळ्यांत पाणी आलं. "मी त्याला पहिला गांडूळ भरवलाय, काकू. तात्याकाकांच्या मांडीवर बसून. मी शाळेतून आलो की तो काचेपाशी यायचा. मी त्याला काही करीन?"

"मी विचारतेय."

"तुम्ही विचारत नाहीयात. तुम्ही ठरवलंय."

बाईंनी नासिरकडे पाहिलं. पोराला आपल्या देखत कुणी चोर ठरवतंय आणि हा बाप 'वहिनी, जबान सांभाळा' एवढंही म्हणत नाही? नासिर जाळीने रिकाम्या टाकीतला नसलेला कचरा काढत होता.

तेवढ्यात नसीमबानू डबा घेऊन येरवड्याच्या घरून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"मासाच गेलाय ना? सगळ्यांची तोंडं अशी काय झालीत?" त्या म्हणाल्या. "चला, माझी पिशवी तरी सुटली. इतकी वर्षं आमच्या घरात जो झिंगा कुणी खात नाही, जो कधी शिजला नाही, तो या नवाबाला रोज ताजा. माझ्या भाजीच्या पिशवीला वास! मी म्हणायची, माझ्यावर कधी एवढा खर्च केलात?"

त्यांनी डबा ठेवला आणि आल्या तशा निघून गेल्या.

अझीमने नाक पुसलं. "काकू, एक सांगू? समाधानला विचारा. तो औंधचा सॉफ्टवेअरवाला. बादशहासाठी सारखा मागे लागला होता. आणि त्याच्याकडे पट्टेवाले दोन आहेत."

४

समाधान कसबेच्या फ्लॅटमध्ये खुर्ची नव्हती, पण सहा फुटी टाकी होती. अमेरिका जागी असते तेव्हा तो काम करायचा आणि पुणं जागं असतं तेव्हा झोपायचा. बाईंनी त्याला भर दुपारी उठवला.

"मॅडम, सॉरी, मेस आहे सगळा. बसा ना… म्हणजे, बेडवर बसा."

"मी उभी बरी. बादशहा कुठंय?"

"बादशहा? नासिरकाकांकडे." तो जागा झाला. "का? काय झालं?"

बाईंनी सांगितलं. समाधान मटकन खाली बसला. ते बसणं खोटं नव्हतं. बाईंनी आयुष्यात पुष्कळ खोटी बसणी बघितली होती.

त्या टाकीपाशी गेल्या. आत एकच बिचिर होता, तळाशी हाताच्या कोपरांवर रेलल्यासारखा. वरचा जबडा पुढे. बघता बघता तो सरळ वर आला, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतला आणि खाली गेला. डुब्.

हा मासा कल्ल्यांच्या भरवशावर राहत नाही, वर येऊन हवा पितो. बादशहाने असा घोट घेतला की तात्याराव म्हणायचे, "घेतला बघ विडा, नवाबाने." त्या आवाजावर त्यांनी संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्या होत्या. तेव्हा टीव्हीवर दोन चॅनेल होते आणि बघायला जग होतं.

"दोन होते ना?"

"एक गेला, मॅडम. रविवारी. कळेचना कशाने. म्हणून बर्फात पॅक करून काकांना दाखवायला नेला. ते पोट फाडून बघतात ना कधी कधी."

"कुणाच्या हातात दिलात?"

"काका नमाजला गेले होते. अझीम कस्टमरशी बोलत होता. त्याला सांगितलं की पिशवी फ्रीजरमध्ये टाकतोय, आणि टाकली."

म्हणजे मुडदा दुकानातच होता. आणि त्याची खबर अझीमला होती.

५

परतीच्या बसमध्ये बाईंना खिडकी मिळाली, पण चैन मिळेना. सगळं अझीमकडे जात होतं. किल्ली अझीमची, गरज अझीमची, फ्रीजरही अझीमच्या माहितीतला. कोर्टात असा खटला दुपारच्या जेवणाआधी संपला असता.

पण एक फरक समजावता येत नव्हता.

मला फोन कुणी केला? अझीमने. जो बनावट मुडदा टाकतो, तो ठसे वाचणाऱ्या बाईला सकाळी सकाळी बोलावून घेईल? 'पुरणारच होतो आता' असं म्हणालं ते दुसरंच कुणीतरी.

आणि ते माप. गोणपाटावर ठेवलेलं. तात्यारावांची शिस्त होती ती : लोखंडी माप उघड्या फरशीवर ठेवायचं नाही, टवके उडतात, वजन कमी भरतं, आणि गिऱ्हाइकाचं पाप आपल्या माथी बसतं. अझीम लहानपणापासून ते दाणकन फरशीवर आपटायचा आणि दर वेळी बोलणी खायचा. गोणपाटाची घडी घालून, वर माप टेकवणारा माणूस तात्यारावांनंतर दुनियेत एकच होता. चोरी करतानाही ज्याचा हात ती सवय सोडू शकला नाही.

बाई गणेश पेठेच्या मासळी बाजारात उतरल्या. गोदाबाई कोलंबीचा वाटा लावत बसली होती.

"बाई, आज इकडं कुठं? सुरमई झ्याक हाय."

"नासिरभाई आले होते का आज?"

"आलते की, दुपारच्यालाच. रोज येत्यात. ते न्हाईत आलं तर म्या समजंन इतवार हाय."

"आज काय नेलं?"

"त्येंचं ठरल्यालं. मूठभर झिंगा, बारका, सोलून. आज बी, काल बी." गोदाबाईने पदराला हात पुसले. "का वो? मासा ब्येस हाय न्हवं?"

"ब्येस आहे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "अगदी ब्येस आहे."

६

येरवड्यात नासिरचं घर बैठं. पुढे अंगण, अंगणात पेरूचं झाड, झाडाखाली निळं प्लास्टिकचं पिंप. पिंपावर जाळी, जाळीवर पाटा.

"या, वहिनी!" नासिर हातातली बशी घेऊनच पुढे आला.

"चहा घेईन," बाई म्हणाल्या आणि अंगणातच बाजेवर बसल्या.

नसीमबानू चहा घेऊन आल्या. रस्त्यावरून रिक्षा गेली. पेरूवर पोपट ओरडला. आणि मग पिंपातून आवाज आला.

डुब्.

"घेतला बघ विडा," बाई म्हणाल्या.

नासिरने बशी खाली ठेवली. तो उठला, पाटा उतरवला, जाळी बाजूला केली. निळ्या अंधारात, पाठीवर निशाणांची रांग उभारून, खालचा जबडा पुढे काढून बादशहा पडला होता. डावीकडचा तिसरा पट्टा दोन वाटांनी खाली उतरत होता.

बाईंनी हात पाण्यात घातला. तो खवल्यांचा कडक, जुना स्पर्श बोटाखालून सरकला. मग त्या वळल्या.

"लाज नाही वाटली? पोराला मी तोंडावर चोर म्हटलं आणि तुम्ही जाळीने पाणी ढवळत बसलात?"

"वाटली, वहिनी. जीभच उचलेना."

"का केलंत हे? दुकान तुमचं. विकायचं तर विकायचं. मी काय कागदावर अंगठा देणार होते?"

"शब्द दिला होता तात्यांना." नासिर बाजेच्या कडेला टेकला. "दम लागतो मला आता, वहिनी. त्या ओलीत बसून छातीत घरघर होते. डॉक्टर म्हणाला, सोडा. गिऱ्हाईक पण राहिलं नाही. पण शब्द कसा मोडू? आणि याला मारू कसा? मग समाधानचा तो मासा फ्रीजरमध्ये दिसला आणि सैतान डोक्यात शिरला. म्हटलं, कुणाचा शब्द मोडणार नाही, कुणाचा जीव जाणार नाही. पुरून टाकू, मग वहिनींना कळवू. तर आमच्या अझीम गाढवाने आधी तुम्हालाच फोन केला."

"पण तात्यांनी असला शब्द घेतलाच का? माशासाठी दुकान?"

"माशासाठी नाही, वहिनी." नासिरने मान खाली घातली. "दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, नासिर, बादशहा आहे तोवर दुकान ठेव. चंद्राला रविवारी यायला एक जागा पाहिजे. घरात एकटी बसली तर भिंतींशी भांडेल."

चंद्रभागाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले, तरी थांबेनात.

"मला काय म्हणाले, माहितीये? त्याच दवाखान्यात? म्हणाले, मी गेल्यावर नासिर एकटा पडेल. त्याला दुसरा मित्र नाही. तू दर रविवारी जात जा. तुझ्यासाठी आले म्हणू नकोस, भाऊ कानकोंडा होईल. म्हण, बादशहाला बघायला आले." बाईंनी गुडघ्यावर थाप मारली. "हा गुडघा! दोन बस बदलून, उन्हातान्हात, या गुडघ्याने येत राहिले मी. का, तर नासिरभाईंना सोबत व्हावी!"

"या अल्ला," नसीमबानू म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला यायचं नव्हतं, यांना बसायचं नव्हतं, आणि मी इतकी वर्षं झिंग्याचा वास सोसला?"

"यायचं होतं," बाई एकदम म्हणाल्या.

"बसायचं पण होतं," नासिर म्हणाला.

तात्याराव तोलणार होते. माल कुणाचाही असो, दोन्ही पारडी समोरासमोर येईपर्यंत त्यांनी कधी काट्यावरचा हात काढला नाही. मरतानाही काढला नाही.

पिंपात डुब् झालं.

बाई उठल्या. आधी आत जाऊन, रुसून पडलेल्या अझीमला उठवलं आणि बापासमोर त्याची माफी मागितली, अगदी हात जोडून. अझीम एवढा लाजला की स्कूटरची किल्ली शोधायच्या निमित्ताने पळाला. मग त्या नासिरकडे वळल्या.

"शुक्रवारी सही करा. बादशहा धायरीला येईल, माझ्या हॉलमध्ये. मोठी टाकी पाठवा. आणि ते माप."

"आणि गोणपाट," नासिर म्हणाला.

"ते आहे माझ्याकडे. त्यांचंच."

नासिरने मान हलवली. बाई फाटकापर्यंत गेल्या, पट्टा घट्ट केला आणि मागे न बघता म्हणाल्या,

"रविवारी चारला या, नासिरभाई. झिंगा सोलून आणा. धायरीला दोन बस बदलाव्या लागतात. आता तुम्ही बदला."